चूलबंद आवतण

आमच्या पूर्णेत नवी गोष्ट रेल्वेनं येते आणि बहुतेक वेळा रेल्वेनंच परत जाते. हसण्याचा क्लब असाच आला होता. रोज सकाळी मैदानात उभं राहून मोठमोठ्यानं हसायचं. तो चालवणाऱ्या साहेबांची बदली झाली आणि गाव पुन्हा गंभीर झालं. मग योगाचा वर्ग आला, तो थंडी पडेपर्यंत टिकला. त्यामुळं सिस्टरबाई लेकीकडून, हैदराबादहून परतल्या आणि त्यांच्या पिशवीतून, मिरच्यांच्या पुड्याखालून, दोन चपट्या फळ्या आणि एक भोकाभोकांचा पिवळा चेंडू निघाला, तेव्हा मी मनातल्या मनात त्या फळ्यांच्याही परतीच्या गाडीची वेळ बघून ठेवली.

सिस्टरबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स. गावातली निम्मी माणसं त्यांनी जन्मल्या क्षणी उलटी धरून रडवलेली आहेत, त्यामुळं त्यांना कोणाचा फारसा दरारा वाटत नाही. यजमान जाऊन काही वर्षं झालेली. एकुलती लेक हैदराबादला. घरात त्या, त्यांची तुळस आणि मोठ्या आवाजातला रेडिओ. त्यांच्या समोर माझं घर आणि घराखाली माझा फोटो स्टुडिओ. लोकांना ‘हसा’ म्हणण्यात माझी हयात गेली, म्हणून मी स्वतः कारण नसताना हसतो, असं त्यांचं निदान आहे.

खेळाचं नाव पिकलबॉल. लोणच्यावरचा विनोद गावातल्या प्रत्येकानं एकेकदा करून झालाय, तेव्हा मी तो करत नाही. बॅडमिंटनएवढी जागा, टेनिससारखी जाळी, हातात फळी, आणि चेंडू जमिनीवर आपटला की ‘टक्’ असा कोरडा आवाज. पळापळ कमी आणि कावेबाजपणा जास्त. जाळीला लागून दोन्हीकडं एक पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. तिथं उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. टप्पा पडू द्यायचा, मगच आत जायचं. सिस्टरबाईंनी हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला आणि म्हणाल्या, की बाकीचे नियम बायकांना समजावते, हा पुरुषांना समजावायची गरज नाही, किचनमध्ये न जाण्याची सवय तुम्हाला आहेच.

जागा होती अप्पांच्या डाळमिलचा सिमेंटचा ओटा. अप्पा जुने व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, आणि तोंडात मोजके शब्द. गावची तूर आली की ती या ओट्यावर वाळते, मग भरडली जाते. होळीच्या आसपास तूर संपते आणि ओटा रिकामा पडतो. अप्पांनी ‘खेळा’ एवढंच म्हटलं. आम्ही चुन्यानं रेघा मारल्या. जाळी कुठून आणायची हा प्रश्न मी सोडवला: माझ्या स्टुडिओतला जुना पडदा. त्यावर निळं तळं, दोन राजहंस आणि मागं बर्फाचे डोंगर रंगवलेले. गावातल्या कित्येक नवऱ्या-नवरींनी त्या तळ्याकाठी उभं राहून फोटो काढलाय. तो दोरीला आडवा बांधला. चेंडू जाळीत अडकला की आमच्याकडं ‘हंसाला लागला’ म्हणतात, ते अजूनही.

पाडव्याला पहिला खेळ झाला आणि त्याच संध्याकाळी सिस्टरबाईंनी चहा पिता पिता आम्हाला गोष्ट सांगितली. आम्हाला म्हणजे मला आणि गार्डसाहेबांना. गार्डसाहेब मालगाडीवर गार्ड होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि गाडीचा शेवटचा डबा सुटल्यासारखे हिंडत होते.

लेक म्हणत होती, आई, आता हैदराबादलाच ये, घर भाड्यानं देऊन टाक. सिस्टरबाई म्हणाल्या, मला इथं करमतं, आता तर खेळही आहे. लेक हसली. तिनं हसण्याच्या क्लबची आठवण करून दिली, योगाचीही दिली. मग दोघींत पैज लागली. लेक रोज संध्याकाळी ओट्यावर फोन करणार, तोंड दिसतं तो फोन. ज्या महिन्यात आईच्या मागं माणसं दिसायची थांबतील, त्या महिन्याच्या शेवटी तिकीट. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत माणसं दिसत राहिली, तर लेक हा विषय कायमचा बंद करणार.

“मी जाणार नाही असं न्हाई,” सिस्टरबाई कपात बघत म्हणाल्या. “पण हरून जाणार न्हाई. तुमी बारा महिन्यांचं बघा.”

बारा महिन्यांचं बघायचं, म्हणजे नक्की काय बघायचं? मला नाटकाची हौस आहे. प्रयोग कसा बसवायचा ते कळतं. पण एकच प्रयोग वर्षभर रोज लावायचा आणि प्रेक्षकांनाच त्यात काम द्यायचं, हे कोडं नवीन होतं. मी फोनवर परदेशातले क्लब काय करतात ते शोधलं. त्यांच्याकडं वसंतात लीग, उन्हाळ्यात शिबिर, शरदात स्पर्धा, हिवाळ्यात बंदिस्त खेळ. वाचताना मी इतका रंगलो, की त्यांच्या वसंतात फुलं उमलतात आणि आमच्या वसंतात डांबर वितळतं हे लक्षातच आलं नाही. तेच वेळापत्रक मी मराठीत केलं, चार रंगांत छापलं आणि डाळमिलच्या दारावर चिकटवलं. अप्पांनी वाचलं. “छपाई चांगली हाय,” म्हणाले.

पहिले पंधरा दिवस ओट्यावर एवढी गर्दी, की फळ्यांपेक्षा हात जास्त. हळदीचे व्यापारी, शिक्षक, रेल्वे कॉलनीतल्या बायका, सगळे आपापली चप्पल सांभाळत रांगेत. लेकीचा फोन आला की सिस्टरबाई फोन उंच धरून सावकाश गोल फिरायच्या, जसा एखादा सरपंच नव्या पाण्याच्या टाकीभोवती फिरतो.

गर्दी झाली की गार्डसाहेबांना बंदोबस्त करावासा वाटतो. त्यांनी तोडगा काढला: रोज प्रत्येक घरातून एकानंच यावं. मला पटलं, सिस्टरबाईंनाही पटलं. मी फोनच्या ग्रुपवर लिहिलं, ‘उद्यापासून ओट्यावर घरटी एक यावे, ही विनंती.’ पाहता पाहता सगळ्यांचे अंगठे वर झाले. आम्ही खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर एकेक करून म्हातारी माणसं येऊ लागली. धुतलेली धोतरं, इस्त्रीचे सदरे, डोक्यावर टोपी. प्रत्येकानं चप्पल काढली, कोणाशी न बोलता भिंतीला टेकून बसला आणि मान खाली घातली. मी पडद्याशेजारी फळी घेऊन उभा. हंस माझ्याकडं बघतायत, मी म्हाताऱ्यांकडं बघतोय. फळीला कोणी हात लावेना. थोड्या वेळानं हळदवाल्यांचे वडील सिस्टरबाईंच्या जवळ सरकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, कोण गेलं?”

सिस्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. “अजून कोणी न्हाई. पण या फोटोवाल्याचं आज काही खरं न्हाई.”

तरीही मला उलगडा झाला नव्हता. म्हाताऱ्यांना आम्ही चहा दिला. ते चहा पिऊन, ‘चला, येतो’ म्हणत उठून गेले. आणि त्या दिवसापासून ओट्यावरची गर्दी ओसरली. आज हे घर नाही, उद्या ते घर नाही. रस्त्यात भेटलं की प्रत्येकजण म्हणायचा, “येऊ की.” आमच्याकडं ‘येऊ की’चे किती अर्थ असतात, यावर मी एक दिवस निबंध लिहिणार आहे. त्यातला येण्याचा अर्थ सगळ्यात शेवटी येतो.

त्यातच लग्नाचे दिवस आले. माझ्याच वेळापत्रकातली माझीच लीग सोडून मी रोज कुठल्या तरी मांडवात ‘नवरी, हनुवटी थोडी वर’ म्हणत होतो. मग पेरणी आली. शेतीवाली घरं शिवारात गेली. शाळा सुरू झाल्या. ज्येष्ठात ओट्यावर तीन माणसं उरली: सिस्टरबाई, गार्डसाहेब आणि मी.

आता मी आणि गार्डसाहेबांनी काय केलं, ते सांगतो. लेकीचा फोन यायची वेळ झाली की सिस्टरबाई फोन समोर धरून उभ्या राहायच्या. त्यांची आमच्याकडं पाठ. आम्ही दोघं त्यांच्या मागून जायचो. आधी गार्डसाहेब टोपी घालून, मग मी डोक्याला उपरणं गुंडाळून, मग गार्डसाहेब बिनटोपीचे, काखेत छत्री घेऊन. मी तर एकदा काठी टेकत, खोकत गेलो. ती भूमिका मला विशेष साधली होती. तिसऱ्या दिवशी फोनमधून लेकीचा आवाज आला, की आई, तुझ्या मागचा तो उपरणेवाला आणि कालचा खोकणारा एकाच पायानं लंगडतायत, त्यांना दवाखान्यात दाखव.

सिस्टरबाई सावकाश वळल्या. मी काठीसकट गोठलो.

फोन ठेवून त्या आमच्याजवळ आल्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “मी जन्मात कुणाला पाण्याचं इंजेक्शन देऊन औषधाचं म्हणून सांगितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “माणसं असली तर दिसतील. नसली तर मी बॅग भरते.”

पैजेप्रमाणे ज्येष्ठाच्या शेवटीच तिकीट निघायचं, पण लेकीनं आषाढाची मुदत दिली. ज्येष्ठ तर रिकाम्या ओट्यावरच संपत होता.

मग मी ठरवलं की लोक का येत नाहीत हे एकदा शोधून काढायचंच. लग्नाचे अल्बम पोहोचवायचे होतेच. अल्बम हातात असला की आपल्याकडं कुठल्याही घरात थेट आतपर्यंत प्रवेश मिळतो, आणि फोटो बघता बघता माणूस खरं बोलतो. एका घरात कळलं, की खेळ आवडतो, पण ‘आमच्याकडून आबा येऊन गेले की.’ दुसऱ्या घरीही तेच: ‘आमची हजेरी लागली की.’ तिसऱ्या घरी सूनबाईंनी माझ्यासमोर पोहे ठेवले आणि विचारलं, की त्या दिवशी नक्की कशाचं होतं? मी म्हटलं, खेळाचं. त्या म्हणाल्या, मग घरटी एक का बोलावलं?

मी पोहे खात राहिलो. डोक्यात काहीतरी हललं, पण बसलं नाही.

ते बसवलं अक्कांनी. अक्का म्हणजे अप्पांच्या मंडळी. अप्पा जितके कमी बोलतात, ती सगळी शिल्लक अक्कांकडं जमा आहे. त्यांच्या धाकट्या मुलाचा अल्बम घेऊन मी गेलो आणि माझं रडगाणं सांगितलं. त्या पान उलटता उलटता थांबल्या.

“घरटी एक कवा सांगतात, भाऊ?”

मी म्हटलं, तेराव्याला. नाहीतर गावकीचं काम असलं तर, रस्ता, देवळाचं सारवण.

“मग? घरातला एक रिकामा माणूस जाऊन तोंड दाखवून येतो, झालं. घराचा जिम्मा फिटला. दुसऱ्यांदा कोण जातंय? आनंदाच्या कार्याला काय सांगतात?”

चूलबंद. मला ते माहीत होतं. मी ते हजार वेळा ऐकलं होतं, हजार मांडवांत त्याच्यावर जेवलो होतो. आमच्याकडं ज्याला मनापासून बोलवायचं, त्याच्या घरी स्वतः जायचं आणि ‘चूलबंद आवतण’ म्हणायचं. म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही. म्हातारी, लेकरं, पाहुणा, सालगडी, सगळे आमच्याकडं. फोनवर अंगठे वर येतात, पण तो अंगठा म्हणजे ‘वाचलं’. माणूस उंबऱ्यात येऊन सांगून गेला, तरच ते बोलावणं. आम्ही तिघं शिकलेसवरलेले, याच मातीतले, आणि खेळाला तेराव्याचं आवतण देऊन बसलो होतो.

“आणि अजून एक,” अक्का म्हणाल्या. “तुमचा तो दारावरचा रंगीत कागद. त्यात कोणाच्या घरचं काय हाय? सगळं तुमचंच. मग तुमीच खेळा.”

त्या संध्याकाळी मी दारावरचा कागद काढला. पाठीमागून कोरा होता, तेवढा कामाला आला.

नवा बेत अक्कांच्या स्वयंपाकघरात ठरला, आणि मी टप्पा पडायच्या आत तिथं गेलो होतो, याची नोंद सिस्टरबाईंनी घेतली. एक घर, एक महिना. ज्या घराला ज्या महिन्यात उसंत असेल, तो त्यानं धरायचा. त्या महिन्यात ओटा त्या घराचा. झाडायचा त्यांनी, पाण्याचा माठ त्यांनी भरायचा, खेळ कसा घ्यायचा तेही त्यांनीच ठरवायचं. आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी घराघरांत जाऊन आवतण द्यायचं. चूलबंद. एखाद्या संध्याकाळी जे काही असेल ते खाऊ घालायचं.

आषाढ रेल्वे कॉलनीतल्या एका घरानं धरला. तेव्हा पाऊस आला आणि ओटा भिजला. पण पावसाळ्यात मिलची टिनाची शेड रिकामी असते हे अप्पांनी आम्हाला सांगितलं, म्हणजे ‘शेड हाय’ एवढं म्हटलं. टिन खाली, त्यामुळं चेंडू उंच उडवायची सोय नाही; उडवला की टिनावर ढाणकन आवाज आणि गुण गेला. सगळ्या पावसाळ्यात आमचा खेळ बुटका झाला आणि लोक वाकून वाकून इतके पटाईत झाले, की माझं अर्धं पोट कमी झालं. रेल्वेवाल्यांनी सामने गाडीच्या वेळेवर लावले. गाडीनं शिट्टी मारली की खेळ सुरू, पुढची गाडी गेली की खेळ संपला. गाडी लेट असली, की हरणारे खूश.

श्रावण अप्पांच्या भावकीतल्या एका घरानं धरला. त्यांच्याकडं सोमवारी उपास आणि पूजा, त्यामुळं सोमवारी खेळ संध्याकाळच्या आरतीनंतर, आणि मुक्यानं. कोणी बोलायचं नाही. गुण बोटांनी दाखवायचे. मला वाटलं हे चार दिवसांत मोडेल. पण मुक्या खेळाला सगळ्यात जास्त गर्दी व्हायला लागली. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. घरात दिवसभर बोलून थकलेली माणसं होती म्हणून, की न बोलता भांडता येतं याचं कौतुक म्हणून? दोन जावा, ज्या एकमेकींशी वर्षभर बोलत नव्हत्या, त्या एका सोमवारी जोडीनं खेळल्या. बोलायचंच नव्हतं, मग अडचण काय?

भाद्रपद मी धरला. पितृपक्षात कोणी फोटो काढत नाही, मी रिकामा. माझ्या महिन्यात मी प्रत्येकाला एक भूमिका दिली: आज सासूनं सुनेसारखं खेळायचं आणि सुनेनं सासूसारखं. पहिल्याच सामन्यात सूनबाईंनी चेंडू मारण्याआधी कपाळाला हात लावून एक लांब सुस्कारा सोडला. सासूबाई हसता हसता किचनमध्ये पडल्या.

आणि हे सगळं रोज संध्याकाळी हैदराबादला दिसत होतं. सिस्टरबाईंना आता फोन फिरवावा लागत नव्हता. माणसंच मागून येऊन ‘काय ताई, कधी येता’ विचारायची. लेक म्हणे, की आई, तू बाजूला हो, मला त्या जावांचं काय झालं ते बघू दे.

महिने धरले गेले. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पुढचे माघ-फाल्गुनसुद्धा. एक उरला: पौष.

पौषात तूर येते. शेतीवाल्या घरांना मान वर करायला सवड नाही, व्यापाऱ्यांना तर नाहीच. आणि ओट्यावर, पार कडेपर्यंत, अप्पांची तूर पसरलेली. शेडमध्ये पोती. जागाच नाही, तर महिना कोण धरणार? मी म्हटलं, मी दुसऱ्यांदा धरतो, पौषात लग्नं नसतात. गार्डसाहेबांनी नियम काढला: एका घराला एकच.

तेव्हा सिस्टरबाई म्हणाल्या, “माझं घर राहिलं की.”

 खरं सांगायचं तर त्यांच्या घराला आम्ही घर म्हणून मोजलंच नव्हतं. त्यांच्यासाठी सगळं चाललेलं, आणि त्यांनाच महिना दिला नव्हता. एकट्या बाईचं काय घर, असं कोणी म्हटलं नाही, पण सगळे तेच धरून चालले होते, मीसुद्धा. त्यांनी ते ओळखलं होतं, आणि आम्ही ओळखलं नाही हेही ओळखलं होतं.

“एकटीची असली तरी चूल हाय,” त्या म्हणाल्या. “पौष माझा.”

पण खेळणार कुठं? अप्पांना ‘तूर हलवा’ म्हणायची हिंमत कोणात नव्हती. तो त्यांचा धंदा. ओटा तुरीसाठीच बांधलेला. आम्ही तिथले पाहुणे. गार्डसाहेब म्हणाले, अर्ज देऊ. सिस्टरबाईंनी नवं लुगडं नेसलं, यजमान गेल्यापासून कपाटात पडलेला हळदी-कुंकवाचा करंडा बिनदिक्कत बाहेर काढला आणि मला म्हणाल्या, चला. आम्ही अप्पांच्या दारात गेलो. अप्पा झोपाळ्यावर बसलेले, अक्का तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सिस्टरबाईंनी अक्कांना कुंकू लावलं, अप्पांकडं वळल्या आणि म्हणाल्या, “पौष माझ्या घरचा हाय. उद्यापासून रोज संध्याकाळी ओट्यावर. तुमच्या घराला चूलबंद.”

अप्पांचा झोपाळा थांबला. “माझ्याच ओट्यावर मलाच आवतण?”

“महिनाभर माझा हाय,” सिस्टरबाई म्हणाल्या.

मी इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्यांकडं भिंगातून बघतोय. अप्पांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते टिपायला मला हजार वॅटचा दिवा लागला असता. घरी चालून आलेलं चूलबंद आवतण कोणी नाकारत नाही. भावकीतलं वैर असलं तरी एक माणूस पाठवतात. आणि आवतण स्वीकारलं, तर जायचं कुठं? ओट्यावर. तिथं तर त्यांचीच तूर. अप्पांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का शेंग सोलत राहिल्या, पण इतक्या हळू, की एकेक दाणा ऐकू यायला लागला.

“येतो,” अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बघायला गेलो, तर तूर दोन्हीकडं सारून मधोमध एक अरुंद वाट मोकळी केलेली. पूर्ण मैदान नव्हतं. जाळी आणि जाळीच्या दोन्ही बाजूंचं किचन, बस्स. जोरात मारला तर चेंडू तुरीत. तुरीत गेला तर शोधायचा, शोधताना दाणे सांडले तर ते वेचून परत टाकायचे, आणि अप्पा झोपाळा सोडून खुर्ची टाकून तिथंच बसलेले. सगळा पौष आणि पुढं माघही आम्ही फक्त हळू खेळलो. चेंडू अलगद, जाळीच्या जेमतेम वरून, पलीकडं किचनमध्ये. टक्. परत अलगद. टक्. त्या खेळात ताकदवान तरुण हरले आणि म्हातारे जिंकायला लागले. जे ‘घरटी एक’ म्हणून एप्रिलमध्ये मान खाली घालून बसले होते, ते हळदवाल्यांचे वडील आता रोज येऊ लागले, आणि टोपी काढून खुंटीला अडकवायचे, म्हणजे खेळ अवघड झालाय.

एका संध्याकाळी सिस्टरबाईंनी मोठ्या पातेल्यात तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून शिजवल्या. शेंगा अक्कांनी पाठवल्या होत्या, पण पातेलं सिस्टरबाईंचं, चूल सिस्टरबाईंची. लोक ओट्याच्या कडेला बसून शेंगा चोखत होते. लेकीचा फोन आला. सिस्टरबाईंचे हात भरलेले होते, म्हणून फोन अप्पांनी उचलला. लेकीनं विचारलं असावं, की आई कुठंय. अप्पांनी फोन वर केला, गर्दीकडं केला आणि म्हणाले, “यातून शोधा.”

पाडव्याला लेक आली. पहाटेच्या गाडीनं, न सांगता. आईला अचानक पकडायचा तिचा बेत होता. उन्हाच्या आधी खेळून घ्यायचं म्हणून सगळे ओट्यावरच होते. गुढी अप्पांच्या मिलच्या दाराला. लेक बॅग घेऊन तशीच स्टेशनवरून आली आणि कडेला उभी राहिली. कोणी तिला ओळखलं नाही असं झालंच नाही. सगळ्या गावानं तिला वर्षभर फोनमध्ये बघितलं होतं. हळदवाल्यांच्या वडलांनी तिच्या हातात फळी दिली. जावांपैकी एकीनं तिची बॅग ओढून बाजूला ठेवली. ती आईच्या समोर उभी राहिली आणि तीन चेंडू लागोपाठ हंसाला मारले.

“जिंकलीस,” लेक आईला म्हणाली.

“ते मला माहीत हाय,” आई म्हणाली. “आता हात सरळ धर.”

पैज संपली. लेकीनं शब्द पाळला, विषय काढला नाही. आणि दोन दिवसांनी आम्ही बघतो, तर सिस्टरबाईंच्या दारात बॅग.  मी धावत समोर गेलो. म्हणाल्या, जाऊन येते लेकीकडं, उन्हाळा काढते तिथं. गेल्या वर्षी गेले असते तर राहायला गेले असते. आता पाहुणी म्हणून जाते.

पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक विचित्र काम केलं. ऐन उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, करंडा हातात धरून त्या घरोघर हिंडल्या. माझ्या स्टुडिओत आल्या तेव्हा मी एका नवरदेवाला हनुवटी वर करायला सांगत होतो. त्यांनी नवरदेवाकडं दुर्लक्ष केलं, माझ्या बायकोला कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, “येत्या पौषात. संध्याकाळी, ओट्यावर. चूलबंद.”

चैत्र नुकता लागला होता. मी म्हटलं, एवढ्या आधी?

“मधे विसराल,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडं वळल्या.